आईंचं मंजन

माझ्या सासूबाईंना तंबाखूच्या नुसत्या वासाने मळमळायचं. निदान त्या तसं म्हणायच्या, आणि कुमुद देशकर एकदा काही म्हणाल्या की आमच्या घरात ते खरं धरलं जाई. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईची परीक्षा दारातच व्हायची. "तोंड उघड पाहू." तोंडाला गुडाखूचा वास आला की बाई आल्या पावली परत. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ कालवून केलेला काळपट लगदा. इकडे छत्तीसगढात बाया तो बोटावर घेऊन हिरड्यांना घासतात आणि मग घटकाभर गप्प बसतात. "असली घान माह्या घरात चालनार नाई," आई म्हणत. मी लग्न होऊन अमरावतीहून आले तेव्हा त्यांनी मलाही दुरून हुंगून घेतलं असणार.

त्या मूळच्या पुलगावच्या. शालिग्राम देशकरांशी लग्न झालं आणि त्यांच्या रेल्वेच्या नोकरीमागे लहानलहान स्टेशनांवर संसार थाटत त्या इकडे आल्या. पराग, म्हणजे माझा नवरा, हथबंधच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जन्मला. पुढे तात्यापाऱ्यात घर झालं आणि तिथल्या हळदीकुंकवापासून शेजारणींच्या भांडणांपर्यंत सगळा कारभार आईंनी आपल्या हातात घेतला. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तिन्ही भाषांत त्या सारख्याच फटकळ होत्या. मीही काही कमी नाही. त्यामुळे आमच्या दोघींचं फार जमायचं, असं मी मुळीच म्हणणार नाही.

दिवसातून तीन वेळा मात्र घरात शांतता असे. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी दिवा लावण्याआधी "मंजन करून येतो वो," म्हणत आई मागच्या मोरीत जात आणि आतून कडी लावून घेत. बऱ्याच वेळाने तोंड खळखळून धुऊन पदराने पुसत बाहेर येत, तेव्हा त्यांच्याकडे काहीही मागावं, त्या नाही म्हणत नसत. एका गंजक्या दंतमंजनाच्या डबीत त्यांचं ते काळं मंजन असे. त्या डबीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही; संपत आली की त्या स्वतःच कोपऱ्यावर जाऊन भरून आणत. आजी कोळसा घासून घासून दात पांढरे ठेवते, अशी आमच्याकडे थट्टा होती. दात पांढरे नव्हते, पण तेवढं बारकाईने कोण बघतं?

बाबा गेले आणि दोनेक वर्षांत आई विसरायला लागल्या. आधी शब्द, मग नावं, मग भाजीत मीठ घातलं की नाही ते. आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिंदीतून विचारलं, "माताजी, हम लोग कौन से राज्य में हैं?"

"मध्य प्रदेश," आई ठणकावून म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. मला राग आला. या बाईच्या जन्मापासून पुलगावाने किती राज्यं बघितली, मग ती लग्न करून मध्य प्रदेशात नांदायला आली, आणि घर जागच्या जागी असताना तिच्याभोवतीचं राज्यच छत्तीसगढ झालं. एवढ्यावर फुली मारायची? पण पुढच्याच प्रश्नाला आईंनी परागकडे बोट दाखवून "हे माहे दीर" म्हटलं, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी नीट बसवून समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांच्या हातून. त्यातलं एक ॲसिटिलकोलीन. लक्ष लागायला, आठवण धरून ठेवायला ते लागतं, आणि या आजारात ते तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. "नया तो मैं बना नहीं सकता," ते म्हणाले. "जो बचा है वो जल्दी खत्म न हो, उसकी गोली दे रहा हूँ." लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तंबाखू, गुटखा, कुछ?"

पराग चक्क हसला. "हमारी माँ? वो तो वास आए तो उठ के चली जाती हैं, डॉक्टरसाहब."

मीही हसले. आई आमच्याकडे बघून हसल्या. डॉक्टरांनी त्या रकान्यात "नहीं" लिहिलं आणि आम्ही घरी आलो.

गोळीवर वर्षभर बरं चाललं. नावं जात होती, पण माणूस जागेवर होतं. मग आम्ही तेलीबांध्याच्या तळ्याजवळ फ्लॅट घेतला. माझं ऑफिस नव्या रायपूरला हललं होतं, परागचा सिलतऱ्याचा कारखाना दुसऱ्या टोकाला, आणि तात्यापाऱ्याच्या घराचं छत गळत होतं. सामान बांधताना पोतीभर भंगार कबाड्याला गेलं. त्यात ती गंजकी डबीही गेली. मी टाकली की परागने, यावर आम्ही अजून भांडू शकतो, पण आता भांडत नाही. नव्या बाथरूममध्ये मी आईंसाठी चांगली टूथपेस्ट आणि मऊ ब्रश ठेवला.

फ्लॅटमध्ये आल्यावर दोन-तीन दिवसांतच आईंचं काहीतरी भयंकर बिघडलं. त्या घरभर फिरू लागल्या. सारखं कपाट उघड, गादी उलट, डबे पाड. हात थरथरायचे, कपाळावर घाम. झोप नाही, जेवण नाही.

"काय शोधता आई?"

"माहं मंजन."

मी टूथपेस्ट हातात दिली. त्यांनी ती भिरकावली.

"हे नाई वो! माहं मंजन! तूनंच लपवलं. चोरटी!"

मी दुकानातलं लाल मंजन आणलं, मग काळं आणलं, मग आयुर्वेदिक आणलं. त्या बोटावर घेत, हिरड्यांना लावत, क्षणभर वाट बघत, आणि मग अशा नजरेने माझ्याकडे बघत की जणू मी ताटात माती वाढली. दिवसभर दाराशी उभं राहून कडी हलवायच्या. "मले जाऊ दे. काहून डांबलं मले?" आम्ही दाराला वरून दुसरी कडी लावली. घर बदललं की अशा पेशंटचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि शांत करणारी गोळी सुरू केली. त्या गोळीने आई शांत झाल्या नाहीत, फक्त त्यांचा तोल जाऊ लागला. भिंतीला धरून, पडत-धडपडत त्या शोधतच राहिल्या.

मग एका सकाळी त्यांनी स्टीलचा पेला फेकला, तो आमच्या देवश्रीच्या कपाळावर बसला. सहावीतली पोर. टाके पडले. "मम्मी, दादी मुझे पहचानती भी नहीं क्या अब?" ती रडत विचारत होती.

त्या दिवशी पराग कारखान्यातून आला तोच ठरवून. "नागपूरला एक संस्था आहे. अशाच लोकांसाठी. बोलणं झालंय माझं. येत्या रविवारी आईला पोचवून येतो."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? तुमचं पटलंय तरी कधी?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला झोंबलं. जिच्याशी भांडत मी अर्धं आयुष्य काढलं, ती बाई भांडण असं मधेच टाकून निघून जाणार? कोणा परक्या खोलीत, कोणा परक्या बाईला "चोरटी" म्हणणार? मला ते सहन होईना. पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता आणि देवश्रीच्या कपाळावरची पट्टी समोर दिसत होती. परागने आईंची बॅग काढून दाराजवळ ठेवली.

बुधवारी दुपारी मी ऑफिसात होते. फोन वाजला. दिवसभर आईंजवळ असणाऱ्या कांताबाई रडत होत्या. "दीदी, मैं कपड़े सुखा रही थी. कडी लगाना भूल गई. माँजी नहीं हैं."

नव्या रायपूरहून तेलीबांध्याचा तो रुंद, रिकामा रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. परागला फोन केला. तो सिलतऱ्याहून निघाला, म्हणजे त्याला त्याहून उशीर. ऑटोवाल्याला मी इतक्यांदा "जल्दी भैया" म्हटलं की शेवटी तो माझ्यावर खेकसला, आणि मी त्याच्यावर.

फाटकावरचा गार्ड म्हणाला, "माताजी? हाँ, गई ना. मंजन लेने जा रही हूँ बोलीं. मैंने सामने की दुकान बता दी."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुकानात धावले. दुकानदाराने टूथपेस्ट दाखवली होती. "वो तो गुस्सा हो गईं. मंजन, मंजन बोलती रहीं. फिर रोड पार करके तालाब तरफ चली गईं."

तेलीबांध्याचा तो रस्ता तरणीताठी माणसंही जपून ओलांडतात. पलीकडे तळं. मी पोचले तर काठावर माणसांचा घोळका, सगळे खाली वाकून बघतायत, आणि दोघं जण दोरी लावून पाण्यातून काहीतरी जड ओढतायत. पुढे जाऊन बघावं एवढं बळ मला येईना. मनात एकच आलं, त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं "चोरटी" हे होतं. मग घोळका थोडा सरकला आणि दोरीला ओल्या जलपर्णीचा ढीग बाहेर आला. तळं साफ करत होते. मी तिथेच कठड्याला धरून हमसून हमसून रडले.

नंतर वळून बघितलं तर रस्त्याच्या कडेला एका नव्या इमारतीचं काम चालू होतं. दुपारची सुट्टी होती. विटांच्या ढिगाच्या सावलीला रेजा, म्हणजे बांधकामावरच्या बाया, बसल्या होत्या. त्यांच्यामधे हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी. डावा हात गुडघ्यावर, उजव्या हाताचं बोट तोंडात, डोळे अर्धे मिटलेले.

मी धावत जाऊन समोर उभी राहिले. किंचाळणारच होते. पण त्यांचे हात थरथरत नव्हते. कपाळावर घाम नव्हता. मोरीतून बाहेर येताना असायचा तोच तो चेहरा.

"बस वो बाई," आई मला म्हणाल्या. "ऊन हाय."

कित्येक दिवसांत त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

शेजारची बाई घाबरली. "दाई ह मांगिस त दे देन, दीदी. मंजन दे, मंजन दे कहत रिहिस." म्हातारीने मागितलं म्हणून दिलं, असं सांगत तिने हातातली छोटी डबी पुढे केली. झाकण उघडं होतं. काळपट लगदा, गुळाचा गोडसर वास, त्याच्या आत तंबाखूचा उग्र. गुडाखू.

मला हसू आलं, मग संताप आला, मग पुन्हा हसू. दारात उभं करून बायांची तोंडं हुंगणारी ही बाई! काळं मंजन! मोरीची कडी! सगळ्या तात्यापाऱ्याच्या डोळ्यांत हिने आयुष्यभर धूळ फेकली. खरा शब्द तिने घरात एकदाही उच्चारला नाही, आणि आता आजाराने सगळे शब्द पुसले तेव्हा हाताशी उरला तो लपवायला घेतलेला शब्द. ती इतके दिवस खरंच सांगत होती. आम्ही तिला टूथपेस्ट देत होतो.

पराग आला तो पांढराफटक पडलेला. आईला समोर बघून त्याची भीती रागात बदलली. घरी आल्यावर मी त्याला सांगितलं तर माझ्यावरच उखडला.

"माझी आई गुडाखू घासते? काहीही बोलून राहिली तू! ती रस्ता ओलांडून तळ्यापर्यंत गेली, शर्मिष्ठा. आज बायांनी बसवून घेतलं, उद्या? रविवार म्हणजे रविवार."

मी वाद घातला नाही. खाली पानठेल्यावर गेले. मंत्रालयात फायली हलवणारी बाई गुडाखू मागते म्हटल्यावर ठेलेवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी डबी आणली आणि परागच्या नाकाशी उघडून धरली.

त्याने वास घेतला. डबी हातात घेतली. पुन्हा वास घेतला. मग मटकन खुर्चीत बसला.

"हा आईचा वास आहे," तो म्हणाला. "हथबंधला मी तिच्या कुशीत झोपायचो ना, तेव्हाचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या आईला असाच वास येतो."

त्याला त्यातच आणखी एक आठवलं. तो लहान असताना आईची दाढ फार दुखायची, डॉक्टर कोसभर दूर, आणि शेजारच्या गँगमनची बायको काहीतरी काळं आणून द्यायची. तिथूनच सुरू झालं असणार. नक्की सांगू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती आत गाढ झोपली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, जुना कागद काढला, "नहीं" असं लिहिलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे नुसतं बघितलं. परागने मान खाली घातली.

मग त्यांनी समजावलं. ज्या ॲसिटिलकोलीनचा आईंकडे आधीच तुटवडा, ते पेशींच्या ज्या दारांवर निरोप पोचवतं त्यांतल्या काहींवर तंबाखूतलं निकोटीनही जाऊन थाप मारतं. चाळीसेक वर्षं दिवसातून तीनदा ती थाप पडत होती. मेंदू तिच्यावर विसंबून बसला होता. आपण ती एका दिवसात बंद केली. धडधाकट माणूसही अशा वेळी चिडतो, जागतो, घामाघूम होतो. पण तो निदान सांगू शकतो की मला काय हवंय. "गलत मत समझिए, ये दवा नहीं है, ज़हर ही है," ते मला बजावून म्हणाले. "बीमारी इससे रुकेगी नहीं. लेकिन छुड़ाना है तो धीरे-धीरे." त्यांनी शांत करणारी गोळी बंद केली, आईंचं तोंड उघडून बॅटरीने नीट तपासलं, दातांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आणि गुडाखू किती द्यायचं, कसं कमी करत न्यायचं ते ठरवून दिलं.

"आणि रविवार?" बाहेर आल्यावर मी परागला विचारलं.

"शनिवारपर्यंत बघू," तो म्हणाला. "देवश्रीसाठी मला बघावंच लागेल." त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

मी जुन्या बाजारातून तसल्याच दंतमंजनाची पत्र्याची डबी मिळवली. तीत डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच गुडाखू घालून बाथरूमच्या फळीवर ठेवली. आई आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. मी दाराला कान लावून उभी. आता ओरडतील, आता काहीतरी आपटेल. बऱ्याच वेळाने चूळ भरल्याचा आवाज आला.

शनिवारी संध्याकाळी दाराजवळ बॅग तशीच होती. पराग तिच्याकडे बघायचं टाळत सोफ्यावर बसला होता, देवश्री जमिनीवर चित्रं काढत होती. आईंना आम्हा तिघांपैकी कुणाचंही नाव येत नव्हतं. ते परत आलं नाही आणि येणार नव्हतं. पण त्या दिवसांत त्यांनी काही फेकलं नव्हतं, दाराची कडी हलवली नव्हती, आणि दुपारी देवश्रीच्या कपाळावरची पट्टी बघून "कोनं मारलं माह्या पोट्टीले?" म्हणून भांडायला उठल्या होत्या.

दिवा लावायच्या आधी त्या बाथरूममधून तोंड पुसत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. इकडे तिकडे बघितलं. मग माझा हात धरून कानाशी लागल्या.

"तू चांगली बाई हायेस. एक आयकशीन माहं?"

"सांगा ना आई."

"हे मंजनाचं माह्या सुनेले सांगू नको वो. लय शिकलेली हाय ते. तिच्या नजरेतून उतरीन मी."

इतकी वर्षं ती कडी कोणासाठी लागत होती, ते मला त्या क्षणी कळलं. समोर पराग उठला. त्याने दाराजवळची बॅग उचलली, आईंच्या खोलीत नेली, आणि कपाट उघडून एकेक लुगडं परत घडी करून ठेवायला लागला. आई अजून माझा हात धरून उत्तराची वाट बघत होत्या.

"हव," मी म्हटलं. "नाही सांगत."